वॉटच्या आकड्यामागे : मंडपातली गिटार आणि ध्वनिवर्धकाचा इतिहास

स्नेहसंमेलनाचे दिवस जवळ आले की अमरावती-अकोल्याकडच्या शाळा-महाविद्यालयांतून एक प्रश्न हमखास निघतो. गिटार वाजवणारी दोन-चार मुले असतात, कार्यक्रम मंडपात व्हायचा असतो आणि हाताशी पैसे बेताचेच असतात. अशा वेळी ध्वनिवर्धक, म्हणजे ज्याला आपण नेहमीच्या बोलण्यात ॲम्प्लिफायर म्हणतो तो, किती वॉटचा घ्यावा? विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुधा ठरलेले असते : जितके वॉट जास्त, तितका ध्वनिवर्धक चांगला. हे उत्तर कितपत बरोबर आहे ते या लेखात आपण तपासून पाहू. त्यासाठी दुकानात जाण्याआधी थोडे इतिहासात जायला हवे. ध्वनिवर्धकाचा प्रत्येक भाग कोणाच्या तरी अडचणीतून जन्माला आला आहे. आपली अडचण त्यांपैकी कोणती हे समजले, की पैसे कोठे घालावेत आणि कोठे वाचवावेत हेही समजते.

अमरावती, १८९७

१८९७ च्या डिसेंबर महिन्यात राष्ट्रीय सभेचे, म्हणजे काँग्रेसचे, तेरावे अधिवेशन अमरावतीला भरले. अध्यक्ष होते सी. शंकरन नायर. त्या काळी माईक नव्हता, लाउडस्पीकर नव्हता. वक्त्याने उभे राहायचे आणि गळ्याच्या जोरावर शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचे, एवढाच मार्ग होता. 

हे काम किती कठीण आहे ते आकड्यांत पाहू. आपण साधे बोलतो तेव्हा तोंडातून बाहेर पडणारी ध्वनिशक्ती साधारण दहा-वीस मायक्रोवॉट असते. एक मायक्रोवॉट म्हणजे वॉटचा दहा लाखावा भाग. ओरडून बोलणारा वक्ता फार तर काही मिलिवॉटपर्यंत जातो. शून्य वॉटचा म्हणून विकला जाणारा रात्रीचा छोटा दिवादेखील यापेक्षा हजारो पटींनी अधिक शक्ती घेतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की ध्वनीची तीव्रता चौथाई होते, म्हणजे ६ डेसिबेलने घटते. खणखणीत आवाजाच्या वक्त्याचा आवाज १ मीटरवर ८५ डेसिबेल धरला, तर ३२ मीटरवर तो ५५ डेसिबेल उरतो. रात्री सगळे चिडीचूप असेल तर तो ऐकू येईल. मंडपात कुजबुज सुरू झाली की तो तिच्यात बुडून जाईल.

योगायोग असा, की या अडचणीवरचा उपाय ज्याच्या हाती होता त्याची ओळख जगाला त्याच वर्षी झाली होती. ३० एप्रिल १८९७ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जे. जे. थॉमसन यांनी कॅथोड किरणांविषयी व्याख्यान दिले आणि हे किरण अणूपेक्षाही फार लहान अशा ऋणभारित कणांचे बनलेले आहेत असे मांडले. हाच तो इलेक्ट्रॉन. हायड्रोजनच्या अणूच्या सुमारे अठराशेव्या भागाइतके त्याचे वस्तुमान. इतका हलका कण अगदी क्षीण विद्युतदाबानेही चटकन वळवता येतो. ध्वनिवर्धकाचे सारे रहस्य या हलकेपणात आहे.

गळा आणि खंजिरी

वऱ्हाडाने मात्र इलेक्ट्रॉनची वाट पाहिली नाही. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ साली जन्मलेले गाडगे महाराज आयुष्यभर कीर्तन करत हिंडले. त्यांच्या कीर्तनाची रीत ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. ते श्रोत्यांना प्रश्न विचारत, उत्तर त्यांच्याकडून वदवून घेत, नामघोष सगळ्यांकडून म्हणवून घेत. हजार माणसांनी एकदम उच्चारलेला शब्द एका माणसाच्या शब्दापेक्षा सुमारे ३० डेसिबेलने मोठा असतो. पुढच्यांनी दिलेले उत्तर मागच्यांना ऐकू जाई, आणि ज्याला मूळ प्रश्न ऐकू आला नसेल त्यालाही तो उत्तरावरून कळे. श्रोतेच ध्वनिवर्धक बनत. 

कीर्तन रात्री होई, यालाही भौतिकीचा आधार आहे. उन्हाळ्याच्या दुपारी जमिनीलगतची हवा तापलेली आणि वरची त्यामानाने थंड असते. ध्वनीचा वेग गरम हवेत अधिक असल्याने ध्वनीच्या लहरी वर वळतात आणि दूरवरच्या माणसाच्या डोक्यावरून निघून जातात. रात्री जमीन निवते, स्थिती उलट होते आणि लहरी खाली वाकतात. शेजारच्या गावचे भजन रात्री ओळखू येण्याइतके स्पष्ट ऐकू येते ते यामुळे आणि अर्थात रात्रीच्या शांततेमुळे. 

अमरावती जिल्ह्यातल्याच यावली गावी १९०९ साली जन्मलेल्या तुकडोजी महाराजांनी साथीला खंजिरी घेतली. ही निवडही लक्षात घेण्याजोगी आहे. खंजिरीच्या थापेत आणि तिच्या चकत्यांच्या किणकिणाटात उच्च वारंवारतेचा अंश भरपूर असतो. माणसाचा कान साधारण २,००० ते ४,००० हर्ट्झ या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो. त्यामुळे एवढेसे वाद्य गर्दीच्या घोंगाटातूनही वर येते. गिटारीला हा लाभ नाही. लाकडी गिटार जोराने छेडली तरी १ मीटरवर साधारण ८० डेसिबेल, म्हणजे १६ मीटरवर ५६. शेजारी ढोलक किंवा ड्रम असेल तर वादकाला स्वतःलाही ती ऐकू येत नाही.

कर्ण्याचा जन्म

१९०६ साली अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी निर्वात नलिकेत, म्हणजे व्हॉल्व्हमध्ये, तापलेली तार आणि धन पट्टी यांच्या मध्ये तारेची एक जाळी बसवली. जाळीवरचा विद्युतदाब थोडासा बदलला की तारेकडून पट्टीकडे जाणारा इलेक्ट्रॉनांचा प्रवाह पुष्कळ बदलतो. कालव्याचे दार हलवायला हाताचा जोर पुरतो, पण त्याने पाण्याचा मोठा लोट कमी-जास्त होतो, तसेच हे. हाताच्या जोरातून पाणी निर्माण होत नाही, ते धरणातून येते. तसेच ध्वनिवर्धकाची शक्ती गिटारीतून येत नाही, ती भिंतीवरच्या प्लगमधून येते. गिटारीचा क्षीण संकेत तिला फक्त आकार देतो. ही गोष्ट पुढे खरेदीच्या वेळी उपयोगी पडणार आहे.

१९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोत पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम यांनी मोठ्या जमावापुढे कर्णा लावून भाषण-संगीत ऐकवले. १९१९ साली सॅन दिएगो येथे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी त्यांच्याच यंत्रणेवरून सुमारे ५० हजार लोकांपुढे भाषण केले. १९३० च्या दशकात आपल्याकडे 'शिकागो रेडिओ' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोटवाने यांच्या कंपनीचे कर्णे काँग्रेसच्या सभांतून दिसू लागले. १९४० साली दिल्लीत 'अहुजा' सुरू झाली आणि तिचे नाव पुढे गावोगावच्या मंडपवाल्यांच्या पेट्यांवर आले.

आपण ज्याला भोंगा म्हणतो तो कर्णा आपल्या कामात फार वाकबगार आहे. साध्या लाउडस्पीकरमध्ये विजेचा जेमतेम एक ते पाच टक्के भाग ध्वनीत उतरतो, बाकीची उष्णता होते. भोंगा दहा-वीस टक्क्यांपर्यंत, कधी त्याहूनही पुढे मजल मारतो. पण याची किंमत मोजावी लागते. साधारण ३०० हर्ट्झच्या खालचे स्वर त्याच्याकडून नीट निघत नाहीत. भाषणाला तेवढे पुरते. गिटारीच्या सहा मोकळ्या तारांचे स्वर मात्र ८२, ११०, १४७, १९६, २४७ आणि ३३० हर्ट्झ असे असतात. म्हणजे सहांपैकी पाच तारांचा मूळ स्वर भोंग्याच्या आवाक्याबाहेर राहतो. भोंग्यावर लावलेली गिटार डब्यासारखी का वाजते याचे उत्तर येथे आहे. त्यात गिटारीचा किंवा वादकाचा दोष नसतो.

रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातून

गिटारीला वीज जोडण्याची गरज प्रथम अमेरिकेतल्या नाचगाण्याच्या मोठ्या वाद्यवृंदांत भासली. तुताऱ्यांच्या पुढे तिचा निभाव लागत नसे. १९३० च्या दशकाच्या आरंभी जॉर्ज बोशँप आणि ॲडॉल्फ रिकेनबॅकर यांनी पोलादी तारांखाली चुंबक आणि तांब्याच्या तारेचे वेटोळे बसवले. तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेटोळ्यात विद्युतदाब निर्माण होतो. फॅरडेचा १८३१ सालचा प्रवर्तनाचा नियमच हा. या भागाला पिकअप म्हणतात. त्यांचे पहिले यशस्वी वाद्य मांडीवर आडवे ठेवून वाजवायचे हवाईयन गिटार होते. याच जातीचे वाद्य आपल्याकडे व्हॅन शिपली आणि हजारा सिंग यांच्या ध्वनिमुद्रिकांमुळे घरोघरी पोचले. हिंदी चित्रपटगीतांच्या धुना त्यावर वाजत.

लाउडस्पीकरचे आजचे रूप, म्हणजे कागदी शंकू आणि चुंबकात हलणारे वेटोळे, १९२५ साली राइस आणि केलॉग यांनी मांडले होते. आता फक्त हे सारे एका पेटीत भरायचे बाकी होते. ते काम ज्यांनी केले त्यांपैकी लिओ फेंडर यांचे नाव सर्वांत गाजले. १९३८ साली कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी त्यांनी रेडिओ दुरुस्तीचे दुकान काढले होते. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. दुरुस्तीला येणारे ध्वनिवर्धक कोठे मोडतात हे ते पाहत आणि पुढचा ध्वनिवर्धक तेथे मोडणार नाही असा बनवत.

स्वस्त ध्वनिवर्धकाच्या इतिहासातला सर्वांत बोलका प्रसंग मात्र इंग्लंडमधला आहे. जिम मार्शल हे ड्रम शिकवणारे गृहस्थ. लंडनच्या हॅनवेल भागात त्यांचे वाद्यांचे दुकान होते. तेथे येणाऱ्या तरुण गिटारवादकांना अमेरिकन फेंडर हवा असे, पण आयात केलेल्या पेटीची किंमत झेपत नसे. १९६२ साली मार्शल यांनी केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांना हाताशी धरून फेंडरच्या 'बासमन' या नमुन्याबरहुकूम, पण इंग्लंडच्या बाजारात मिळणारे भाग वापरून, ध्वनिवर्धक बनवला. भाग वेगळे, म्हणून आवाजही थोडा वेगळा आला. तो तरुणांना आवडला आणि पुढे जगभर गाजला. काटकसरीचा पर्याय म्हणून सुरू झालेली वस्तू स्वतःच प्रमाण ठरली.

आपल्याकडेही आयातीवरच्या निर्बंधांच्या काळात, म्हणजे १९९१ पूर्वी, असेच घडत होते. ऑर्केस्ट्रा पार्ट्यांचे ध्वनिवर्धक अनेकदा रेडिओ मेकॅनिकच्या टेबलावर तयार होत. '२एन३०५५' हा जाडजूड धातूच्या टोपीचा ट्रान्झिस्टर, हाताने गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर आणि प्लायवुडची पेटी. आजही अशी एखादी पेटी चालू स्थितीत आढळते, कारण तिच्यातला प्रत्येक भाग बदलता येतो.

वॉट आणि कान

१५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्सचा कार्यक्रम झाला. श्रोते ५५ हजारांवर. त्यांच्यासाठी प्रत्येकी १०० वॉटचे ध्वनिवर्धक खास बनवून घेतले होते. तरीही किंकाळ्यांच्या गदारोळात त्यांचे वादन बहुतेकांना ऐकू आले नाही, आणि स्वतः वादकांनाही एकमेकांचे नीट ऐकू येत नव्हते. वॉट भरपूर होते. मग चुकले कोठे?

आपला कान शक्तीची बेरीज करत नाही, तो पटी मोजतो. शक्ती दुप्पट केली तर पातळी ३ डेसिबेलने वाढते, म्हणजे कानाला जेमतेम जाणवेल इतकी. आवाज 'दुप्पट मोठा' वाटायला साधारण १० डेसिबेल, म्हणजे दहापट शक्ती लागते. १०० वॉटचा ध्वनिवर्धक ५० वॉटच्या ध्वनिवर्धकापेक्षा किंमतीत पुष्कळ वेगळा असेल, पण कानाला तो फरक किरकोळच वाटेल.

याउलट लाउडस्पीकरच्या संवेदनक्षमतेकडे कोणी पाहत नाही. १ वॉट दिला असता १ मीटरवर किती डेसिबेल मिळतात, तो हा आकडा. गिटारीसाठी बनवलेल्या १२ इंची लाउडस्पीकरचा तो साधारण ९७ ते १०० असतो, घरगुती संगीत ऐकण्याच्या लहान लाउडस्पीकरचा ८६ ते ९०. आता हिशेब करू. १०० च्या लाउडस्पीकरला १५ वॉट दिले, तर १ मीटरवर सुमारे ११२ डेसिबेल मिळतात. ९० च्या लाउडस्पीकरमधून तेवढेच ११२ मिळवायला १५० वॉट लागतात. पेटीवर १५ आणि १५० हे आकडे ठळक छापलेले असतील, आणि मंडपात दोघांचा आवाज सारखाच असेल.

पेटीवरच्या आकड्याबद्दल आणखी एक सावधगिरी हवी. १९९० च्या दशकात टेपरेकॉर्डरांवर 'पीएमपीओ' या नावाने हजार-हजार वॉटचे आकडे छापलेले असत. आजही अशी जाहिरातबाजी संपलेली नाही. ती ओळखायला इयत्ता दहावीचे भौतिकशास्त्र पुरते. यंत्राच्या पाठीवरची पट्टी वाचावी. तीवर २३० व्होल्ट, ०.३ अँपिअर असे लिहिले असेल, तर ते यंत्र भिंतीतून जास्तीत जास्त ६९ वॉट घेते. ते सतत हजार वॉट बाहेर देऊ लागले तर ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियमच मोडावा लागेल!

शे स्टेडियमच्या प्रसंगानंतरच्या वर्षांत उपाय निघाला तो अधिक मोठ्या ध्वनिवर्धकाचा नव्हता, कामाच्या वाटणीचा होता. गिटारीच्या पेटीने फक्त रंगमंच भरायचा. पेटीसमोर माईक ठेवून तो आवाज मिक्सरमधून मोठ्या ध्वनियंत्रणेला द्यायचा, आणि श्रोत्यांपर्यंत पोचवण्याचे काम त्या यंत्रणेने करायचे. आपल्या मंडपात ही यंत्रणा साऊंडवाल्याकडून बहुधा भाड्याने आलेलीच असते. मग तिचे काम करणारी पेटी आपण स्वतःच्या पैशाने का विकत घ्यावी?

मग घ्यावे काय?

या इतिहासातून काही व्यावहारिक सूत्रे निघतात.

ड्रमसोबत वाजवायचे असेल, तर १२ इंची, चांगल्या संवेदनक्षमतेचा लाउडस्पीकर असलेली ३० ते ५० वॉटची ट्रान्झिस्टरची पेटी रंगमंचाला पुरते. व्हॉल्व्हची असेल तर १५-२० वॉटही चालतात. व्हॉल्व्ह क्षमतेपलीकडे गेला तर लहरीचे माथे हळुवार गोल करतो आणि ते कानाला गोड लागते. ट्रान्झिस्टर ते सुरीने कापल्यासारखे सपाट कापतो. म्हणून व्हॉल्व्हचे वॉट 'मोठे' भासतात. पण व्हॉल्व्हची पेटी जड असते, महाग असते आणि तिचे व्हॉल्व्ह बदलावे लागतात. अमरावती-अकोला प्रवास एस. टी. ने करणाऱ्या मुलांसाठी आम्ही ट्रान्झिस्टरचीच शिफारस करू.

ज्या पेटीला मिक्सरकडे संकेत नेण्यासाठी 'लाइन आउट'ची सोय आहे ती पसंत करावी. ती नसेल तर पेटीसमोर साधा माईक ठेवूनही काम भागते.

गिटारीची वायर मंडपवाल्याच्या माईकच्या इनपुटमध्ये थेट खुपसू नये. माईकचा संकेत एक-दोन मिलिव्होल्टचा, तर पिकअपचा शंभर मिलिव्होल्ट किंवा अधिक. त्यामुळे आवाज फाटतो. शिवाय पिकअपला सुमारे दहा लाख ओहम रोधाचे इनपुट मानवते. माईकच्या इनपुटचा रोध त्याच्या शेकडो पटींनी कमी असतो, आणि गिटारीचे वरचे स्वर तेथेच विझतात. पेटी घेणे अजिबात परवडत नसेल, तर यासाठी 'डीआय बॉक्स' नावाची लहान डबी मिळते. लाकडी गिटारीला पिकअप बसवला असेल तर हीच डबी वापरून ती सरळ मिक्सरला जोडणे सर्वांत स्वस्त पडते.

आपल्याकडचा उन्हाळा हिशेबात धरावा. ट्रान्झिस्टरची उष्णता बाहेर टाकणारी धातूची पंखेदार पट्टी ८५ अंश सेल्सिअसपर्यंत तापू द्यायची असे ठरवले, तर २५ अंशांच्या हवेत तिला ६० अंशांचा उतार मिळतो. अकोल्याच्या मे महिन्यातल्या ४५ अंशांत तो ४० च उरतो. म्हणजे तीच पेटी दोनतृतीयांश उष्णताच बाहेर टाकू शकते. पेटीची मागची बाजू भिंतीला किंवा मंडपाच्या कापडाला चिकटवून ठेवू नये. नव्या 'क्लास डी' पद्धतीच्या ध्वनिवर्धकांत विजेचा ८०-९० टक्के भाग लाउडस्पीकरपर्यंत पोचतो, म्हणून ते कमी तापतात आणि हलकेही असतात. तेवढ्यासाठी त्यांचा विचार जरूर करावा. 

जुनी पेटी घेण्यात कमीपणा नाही. गिटार न जोडता आवाजाची चकती पूर्ण फिरवावी आणि गुरगुर किती येते ते ऐकावे. चकत्या फिरवताना खरखर येते का, शंकू फाटला आहे का आणि प्लगला तिसरी पिन शाबूत आहे का, तेही पाहावे. गावातला मेकॅनिक ती उघडून दुरुस्त करू शकेल का, हा प्रश्न आवाजाइतकाच महत्त्वाचा आहे.

जेथे काटकसर नको

तिसऱ्या पिनेबद्दल वेगळे लिहायला हवे. ३ मे १९७२ रोजी वेल्समधल्या स्वान्सी येथे लेस हार्वे हा २७ वर्षांचा गिटारवादक रंगमंचावर विजेच्या धक्क्याने मरण पावला. ज्या माईकला त्याचा स्पर्श झाला, त्याचे अर्थिंग नव्हते. गिटारीच्या तारा वायरमार्फत तिच्या ध्वनिवर्धकाच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेल्या असतात, माईकची जाळी दुसऱ्या ध्वनिवर्धकाच्या सांगाड्याला. दोन सांगाड्यांत विद्युतदाबाचा फरक असेल, तर हात तारांवर आणि ओठ माईकला लागताच प्रवाह छातीतून जातो. ३० मिलिअँपिअरचा प्रवाहही जीवघेणा ठरू शकतो.

आपल्या मंडपांत हा धोका दूरचा नाही. तिसरी पिन मोडून दोन पिनांवर चालवलेले प्लग, निरनिराळ्या फेजवरून ओढलेल्या वायरी आणि अर्थिंग नसलेले जनरेटर सर्रास दिसतात. त्यात आपल्या काळ्या जमिनीचा एक गुण भर घालतो. ओली असताना ही चिकणमाती विजेची चांगली वाहक असते. उन्हाळ्यात ती आकसते, तिला भेगा पडतात, आणि पुरलेल्या अर्थिंगच्या पट्टीभोवती पोकळी राहते. पावसाळ्यात चोख असलेले अर्थिंग ऐन लग्नसराईत निकामी होऊ शकते. खड्ड्यात मीठ-कोळसा घालून वर पाणी ओतायची जुन्या तारतंत्र्यांची सवय म्हणजे अंधश्रद्धा नव्हे, ते मातीचे रसायनशास्त्र आहे.

म्हणून माईकचा आणि गिटारीचा असे दोन्ही ध्वनिवर्धक एकाच बोर्डावरून चालवावेत. तिसरी पिन कधीही मोडू नये. बोर्डाच्या आधी ३० मिलिअँपिअरवर तुटणारे संरक्षक स्विच बसवून घ्यावे. गाणे सुरू होण्यापूर्वी जाणत्या माणसाकडून माईकची जाळी आणि गिटारीची तार यांमधला विद्युतदाब मल्टिमीटरने मोजून घ्यावा. तो काही व्होल्टांपेक्षा अधिक दिसला, तर दोष सापडेपर्यंत गिटार हातात घेऊ नये. पन्नास वॉटऐवजी तीस वॉटची पेटी घेतली तर वाचलेले पैसे या स्विचला पुरावेत.

कानांचाही विचार याच हिशेबात येतो. ८५ डेसिबेल आठ तास, हे कामगारांसाठी शिफारस केलेल्या मर्यादेचे एक सर्वमान्य माप आहे. पातळी दर ३ डेसिबेलने वाढली की वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबेलला जेमतेम पंधरा मिनिटे उरतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार सार्वजनिक जागेच्या हद्दीवर लाउडस्पीकरचा आवाज त्या भागाच्या ठरलेल्या पातळीपेक्षा १० डेसिबेल जास्त किंवा ७५ डेसिबेल, यांपैकी जे कमी असेल त्याहून अधिक असू नये. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. सणा-उत्सवांसाठी राज्य शासन वर्षातले मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. दुपारी चार वाजता तपासून ठरवलेली पातळी रात्री आठला शेजारच्या वस्तीपर्यंत जाते, हे आपण कीर्तनाच्या संदर्भात पाहिलेच आहे.

वर्गात करून पाहा

जुन्या रेडिओतला एक सुटा लाउडस्पीकर घ्या आणि त्याला मोबाइल किंवा रेडिओच्या इअरफोनच्या जागेतून संगीत द्या. आवाज कोरडा आणि पोकळ येईल. आता एका मोठ्या पुठ्ठ्याला लाउडस्पीकरच्या मापाचे भोक पाडा आणि लाउडस्पीकर त्यावर घट्ट धरा. एकही वॉट न वाढवता खालचे स्वर भरून येतील. शंकूच्या पुढचा आणि मागचा दाब एकमेकांना खोडून काढत होता, तो आता पुठ्ठ्याने अडवला गेला. पेटीचे महत्त्व मुलांना समजायला हा प्रयोग पुरेसा आहे.

त्यानंतर शाळेतल्या आणि घरच्या यंत्रांच्या पाठीवरच्या पट्ट्या मुलांना वाचून आणायला सांगा. व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार करून तो पुढच्या बाजूला छापलेल्या वॉटशी ताडून पाहू द्या. शेवटी त्यांना एक हिशेब घाला : संवेदनक्षमता ९७ डेसिबेल असलेल्या लाउडस्पीकरला ३२ वॉट दिले, तर मोकळ्या मैदानात १६ मीटरवर किती डेसिबेल मिळतील? ज्याला ८८ हे उत्तर काढता आले, तो शाळेसाठी ध्वनिवर्धक निवडायला दुकानदारापुढे उभा राहायला तयार झाला असे समजावे.